मुरमाच्या वाटेवरची सायकल

“डॉक्टर, फिरायला जातो हो, पण पंधरा दिवसांत कंटाळा येतो.” चाळिशी ओलांडलेल्या मंडळींकडून हे वाक्य वारंवार ऐकू येते. रक्तातली साखर थोडी वाढलेली, रक्तदाब काठावर, पोट पुढे आलेले, आणि व्यायामाचे नाव काढले की चेहरा पडतो. औषधाची गोळी नेमाने घेतली जाते. व्यायाम मात्र जानेवारीत सुरू होतो आणि फेब्रुवारीत संपतो. याचे कारण आळस एवढेच नाही. जो व्यायाम मनाला रुचत नाही तो शरीर फार दिवस करीत नाही, हे साधे सत्य आहे.

अशा मंडळींसाठी या आठवड्यात एक जुनेच वाहन आणि एक जुनीच वाट सुचवायची आहे. वाहन म्हणजे सायकल. वाट म्हणजे डांबरी हमरस्ता सोडून माळाकडे, तलावाकडे, पाटाच्या कडेने जाणारी मुरमाची वाट. सोलापूरच्या चारी बाजूंना अशा वाटा भरपूर आहेत. त्या फुकट आहेत, मोकळ्या आहेत आणि नीट समजून घेतल्या तर औषधाइतक्या गुणकारीही आहेत.

सायकल सोलापूरला नवी नाही

१८७७ साली सोलापुरात जुनी गिरणी उभी राहिली. पुढे आणखी गिरण्या आल्या आणि भोंग्याच्या तालावर शहर उठू-बसू लागले. कॅरिअरला डबा लावून, धोतराचा किंवा पायजम्याचा काठ चेनमध्ये अडकू नये म्हणून वर खोचून पाळीला निघालेला कामगार हे त्या काळचे नेहमीचे चित्र. खेड्यातला दूधवाला, पोस्टमन, प्राथमिक शाळेचे गुरुजी, सगळ्यांचा भार काळ्या सायकलीवर असे. तिला कोणी व्यायाम म्हणत नव्हते. ती गरज होती आणि गरजेपोटी रोज तास-दीड तास शरीर हलत होते.

मग मोपेड आली, मोटारसायकल आली आणि सायकल अंगणातल्या भिंतीला टेकली. पाय थांबले आणि पोट वाढले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ज्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, तिच्या अंदाजानुसार भारतात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर गेली आहे. हा आजार आता केवळ शहरातल्या श्रीमंतांचा राहिलेला नाही. तालुक्याच्या गावी, अगदी वस्तीवरही तो पोहोचला आहे. याचा सगळा दोष मोटारसायकलीला देता येणार नाही, पण अंगमेहनत सुटल्याचा त्यात मोठा वाटा आहे.

साहेबांची ‘ग्रॅव्हल बाइक’ आणि आपली काळी सायकल

युरोप-अमेरिकेत अलीकडच्या काळात एक नवा छंद फोफावला आहे. त्याला ‘ग्रॅव्हल बायकिंग’ म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी, मुरूम. मोटारींनी भरलेले गुळगुळीत रस्ते सोडून लोक मुद्दाम खडीच्या, मातीच्या वाटा धरतात. २०२२ साली इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. स्कॉटलंडमध्ये समुद्राकाठच्या टेकड्या, ओसाड माळ आणि ‘लॉक’ नावाने ओळखली जाणारी सरोवरे यांच्यामधून असे मार्ग जातात. त्यातले बरेचसे जंगलातील लाकडाची वाहतूक करण्यासाठी तयार केलेले कच्चे रस्ते आहेत. लाकूडतोडीची वाट व्यायामाची वाट झाली.

आता गंमत पाहा. या नव्या सायकलीचा मुख्य गुण म्हणजे तिचा रुंद टायर, साधारण ३८ ते ४५ मिलिमीटरचा. आपल्या २८ इंची काळ्या सायकलीचा टायर दीड इंच रुंद असतो, म्हणजे जवळजवळ ३८ मिलिमीटर! परदेशात जी सोय आज नवी म्हणून विकली जाते, ती आपल्या आजोबांच्या सायकलीला पहिल्यापासून होती. कारण ती सायकल घडली त्या काळात रस्ते कच्चेच होते. हवा भरलेला टायर प्रत्यक्षात आणणारा जॉन बॉइड डनलप हा मूळचा स्कॉटलंडचा गुरांचा डॉक्टर. १८८८ साली त्याने तो केला तोही आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीला बसणारे धक्के कमी व्हावेत म्हणून. धक्का हवेने झेलायचा हे तत्त्व तेव्हापासून बदललेले नाही.

सांगायचा मुद्दा असा की, महागडी सायकल नाही म्हणून कोणी थांबू नये. गिअरची असेल तर चढावर सोपे जाते, तिचे ब्रेक चांगले असतात आणि वजनही कमी असते, हे खरे. पण माळावरच्या सपाट वाटेला घरची जुनी सायकल पुरते. मात्र तिचे ब्रेक, चेन, टायर आणि सीट एकदा दुकानात नेऊन नीट करून घ्यावेत. सळईचे ब्रेक पावसात कमी लागतात, हे ध्यानात ठेवावे.

हमरस्ता का नको?

सोलापूर हे मोठ्या रस्त्यांच्या नाक्यावरचे शहर आहे. पुणे, हैदराबाद, विजापूर, तुळजापूर, चारी दिशांना राष्ट्रीय महामार्ग आहेत. रस्ते रुंद झाले तसा वाहनांचा वेगही वाढला. पहाटेच्या अंधारात कडेने जाणारा सायकलस्वार मागून येणाऱ्या ट्रकचालकाला शेवटच्या क्षणी दिसतो. ऊस हंगामात तर मागे दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यात असतात. हृदय सुधारायला निघावे आणि जिवावर बेतावे, यात शहाणपण नाही.

मुरमाच्या वाटेवर वाहने कमी, धूर कमी आणि आवाजही कमी. दुसरा फायदा शरीराचा. मुरमावर चाक किंचित रुतते, त्यामुळे त्याच वेगाला पायांना अधिक ताकद लावावी लागते. वाट सरळ नसल्याने तोल सांभाळताना कंबर, पोट, पाठ आणि खांदे यांचे स्नायूही कामाला लागतात. म्हणून या वाटेवर किलोमीटर मोजू नयेत. मिनिटे मोजावीत.

लाभ किती?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास सायकल चालवली तरी १५० मिनिटे भरतात. मध्यम श्रम म्हणजे किती? सोपी खूण अशी : सायकल चालवताना शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. गाणे म्हणता येत असेल तर जोर वाढवा. बोलणेही तुटत असेल तर कमी करा.

ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली ब्रिटनमधील सुमारे २ लाख ६३ हजार लोकांची माहिती तपासली. कामावर सायकलने जाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे आणि अकाली मृत्यूचे प्रमाण मोटारीने किंवा बसने जाणाऱ्यांपेक्षा चाळीस टक्क्यांहून अधिक कमी आढळले. २०२१ साली युरोपातील दहा देशांमधल्या सुमारे साडेसात हजार मधुमेहींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही सायकल चालवणाऱ्या मधुमेहींमधील मृत्यूचे प्रमाण न चालवणाऱ्यांपेक्षा कमी दिसले. अर्थात, असे अभ्यास निरीक्षणाचे असतात. सायकल चालवणारे लोक इतर बाबतींतही काळजी घेणारे असू शकतात, म्हणून सगळे श्रेय सायकलीला देता येत नाही. तरीही दिशा स्पष्ट आहे.

मधुमेहात व्यायामाचे काम कसे चालते हेही समजून घ्यावे. मांडीचे आणि पोटरीचे स्नायू हे शरीरातले मोठे स्नायू. ते कामाला लागले की रक्तातली साखर खेचून घेतात आणि इन्सुलिनला चांगली दाद देऊ लागतात. हा परिणाम एक ते दोन दिवस, काही वेळा थोडा अधिक टिकतो, मग ओसरतो. म्हणूनच रविवारी चार तास आणि इतर दिवशी शून्य, असा व्यायाम मधुमेह्याच्या फारसा कामाचा नाही. सलग दोन दिवसांपेक्षा अधिक खाडा नको.

गुडघेदुखी असणाऱ्यांनाही सायकल सोसते, कारण शरीराचा बराचसा भार सीट घेते. मात्र त्याच कारणाने हाडांना सायकलीचा फारसा व्यायाम मिळत नाही. तेव्हा आठवड्यातून दोन दिवस थोडे चालणे, जिना चढणे, उठाबशा किंवा वजन उचलण्याचे हलके व्यायाम जोडीला हवेत.

चार वाटा

नवख्याने शहरातच सुरुवात करावी. विजापूर रस्त्यावरचा धर्मवीर संभाजी तलाव, जुन्या मंडळींचा कंबर तलाव, या परिसरात आणि आतल्या शांत रस्त्यांवर वीस मिनिटे पुरेत. पहिले दोन आठवडे आठवड्यातून चार दिवस एवढेच करावे. मग दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. दीड-दोन महिन्यांत पाऊण-एक तास सहज जमू लागतो.

दुसरी वाट एकरुख तलावाची, म्हणजे आपल्या हिप्परग्याच्या तलावाची. शहरापासून आठ-दहा किलोमीटरवर, आदिला नदीवर हा तलाव इंग्रजी अमदानीत दुष्काळी मुलखाला पाणी देण्यासाठी बांधला आणि १८७१ साली पूर्ण झाला. दीडशे वर्षे उलटली तरी तो उभा आहे. हिवाळ्यात इथे परदेशी पाहुणे पक्षी उतरतात. तुळजापूर महामार्गाचा शक्य तितका कमी भाग वापरून आतल्या गावरस्त्यांनी इथे यावे. पाण्याच्या कडेला थांबून दम घ्यावा आणि परतावे. जाऊन-येऊन दीड-दोन तास होतात. महिनाभर सराव झालेल्याला ही वाट उत्तम.

तिसरी वाट माळाची. नान्नज, मार्डी, कारंबा या उत्तर सोलापूर तालुक्यातल्या गावांभोवती गवताळ माळ पसरला आहे. नान्नज शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे. स्कॉटलंडचा माळ ओला, दलदलीचा. आपला कोरडा, मुरमाड, कुसळी गवताचा. पण नजर अडवणारे काही नाही आणि वारा अंगावर येतो, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच. १९७९ साली हा प्रदेश माळढोक पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. माळढोकाचे दर्शन आता जवळजवळ दुरापास्त झाले आहे, पण काळविटांचे कळप, खोकड आणि नशीब असेल तर लांडगा दिसतो. इथे एक पथ्य पाळावेच लागते. अभयारण्याच्या क्षेत्रात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नये आणि रुळलेला गावरस्ता सोडून गवतात सायकल घालू नये. माळावरचे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. आपल्या व्यायामापायी त्यांची पिढी चाकाखाली जाऊ नये. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवर पायी किंवा सायकलने जाण्याचा हक्क लोकांना मिळाला, पण तोही जबाबदारीने वागण्याच्या अटीवर. आपल्याकडे तसा कायदा नाही. म्हणून कोणाच्या शेतातून, बांधावरून जायचे तर आधी विचारावे. “रामराम” घालून विचारले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. उलट हुरड्याच्या दिवसांत आग्रहाने बसवूनही घेतात.

चौथी वाट मुरलेल्यांसाठी. दक्षिण सोलापूर तालुक्यात, सुमारे चाळीस किलोमीटरवर हत्तरसंग कुडल येथे भीमा आणि सीना यांचा संगम आहे. तिथल्या संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठीतला फार जुना शिलालेख आहे. आतल्या गावांमधून, नदीकाठच्या रानातून तिथे पोहोचणे हा दिवसभराचा उद्योग आहे. तीन-चार महिने नियमित सराव झाल्याशिवाय आणि सोबत असल्याशिवाय जाऊ नये. येताना थकवा आला तर सायकल टेम्पोत टाकून परत यावे. त्यात कमीपणा नाही.

कोजागिरीला सोलापुरातून तुळजापूरला हजारो माणसे रात्रभर पायी चालत जातात. तेव्हा लांब पल्ल्याची ताकद आपल्या लोकांत नाही असे कोणी म्हणू नये. फक्त ती ताकद वर्षातून एका रात्रीऐवजी रोज थोडी-थोडी वापरायची आहे.

आपली काळी माती

सोलापूरच्या वाटेचा एक स्वभाव ठाऊक हवा. मुरूम पावसातही चाक धरून ठेवतो, पण काळी माती ओली झाली की चाकाला अशी चिकटते की मडगार्डमध्ये गच्च बसते आणि सायकल जागची हलत नाही. मग सायकल खांद्यावर आणि चिखल पायाला! म्हणून पावसाळ्यात, विशेषतः सप्टेंबरच्या जोरदार सरींनंतर, काळ्या रानातल्या वाटा टाळाव्यात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ.

मुरमावर हवा दगडासारखी कडक भरू नये. अंगठ्याने दाबल्यावर टायर किंचित दबावा. धक्के कमी बसतात आणि पकड वाढते. फार कमी भरली तर मात्र खड्ड्यात रिमचा मार बसून ट्यूब कापली जाते. बाभळीचा काटा हा इथला नेहमीचा शत्रू आहे. पंक्चरचे सामान आणि पंप जवळ असावा.

उतारावर सुट्या खडीत पुढचा ब्रेक एकदम दाबला की सायकल घसरते. वेग वळणाआधीच कमी करावा, मागचा ब्रेक आधी लावावा आणि पुढचा हलक्या हाताने. कोपर सैल ठेवावे. डोक्याला हेल्मेट असावेच. माळावर गाडी-घोडा नसला तरी दगड असतात.

सीट बरोबर, तर गुडघे बरोबर

सायकलने गुडघा दुखला अशी तक्रार आली तर दोष बहुधा सीटच्या उंचीत असतो. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा पायडलवर आणला की गुडघ्यात थोडा वाक राहतो. हीच योग्य उंची. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते. फार वर असेल तर मागच्या बाजूला ओढ बसते आणि कंबर डोलू लागते.

जांघेत किंवा हाताच्या बोटांत मुंग्या येत असतील तर नसांवर दाब येतो आहे, असे समजावे. दर दहा-पंधरा मिनिटांनी थोडे उभे राहून पायडल मारावे, हँडलवरची पकड बदलत राहावी. मुंग्या उतरल्यावरही जात नसतील तर काही दिवस सायकल बंद ठेवून तपासून घ्यावे.

साखर एकदम उतरली तर?

इन्सुलिन घेणाऱ्या आणि साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेह्यांनी हा भाग कापून ठेवावा. व्यायामात साखर ७० च्या खाली गेली तर घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडते, भूक लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलणे असंबद्ध होते. माळावर अशा वेळी हॉटेल शोधत बसता येणार नाही. म्हणून खिशात तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोजची पुडी असलीच पाहिजे. लक्षण दिसताच उतरावे, सावलीत बसावे, तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच घ्यावी. बरे वाटल्यावर भाकरी, बिस्किटे किंवा केळे खावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, १०८ ला फोन करावा.

साखर पाहण्याचे यंत्र घरी असेल तर निघण्यापूर्वी पाहावी. ९० च्या खाली असेल तर आधी काही खाऊन निघावे. २५० च्या वर असेल आणि बरे वाटत नसेल तर त्या दिवशी व्यायाम नको. लांब फेरीनंतर साखर रात्री झोपेतही उतरू शकते, म्हणून त्या दिवशी रात्रीचे जेवण चुकवू नये. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी ज्यांना ‘बीटा ब्लॉकर’ गटातील गोळ्या चालू आहेत, त्यांना थरथर आणि धडधड जाणवत नाही. नुसता घाम हीच खूण असू शकते.

मधुमेह्याने चप्पल घालून सायकल चालवू नये. बंद बूट आणि सुती मोजे घालावेत आणि घरी आल्यावर तळपाय उजेडात पाहावेत. पायाची संवेदना कमी झालेल्याला काटा रुतल्याचेही कळत नाही, आणि त्या काट्यापासून पुढे पाय गमवायची वेळ येऊ शकते.

ऊन : आपला खरा शत्रू

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. या दिवसांत सकाळी उजाडताच निघून आठच्या आत घरी परतावे. दुपारी सायकल नको म्हणजे नकोच. आपल्या कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, त्यामुळे किती पाणी गेले ते कळत नाही. कोकणात उलट होते. तिथल्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. सुट्टीत रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या जांभ्या सड्यांवर सायकल घेऊन जाणाऱ्या सोलापूरकरांनी पहिले दोन-तीन दिवस अंदाज घेऊनच चढ चढावेत.

उन्हाळ्यात तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी थोडे-थोडे करून प्यावे. तासाभरापेक्षा लांब फेरी असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ मिसळून न्यावे. चमचा चहाचा. मधुमेही, रक्तदाबाचे रुग्ण आणि ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच हे प्रमाण ठरवावे.

डोके गरगरणे, मळमळ, पायात गोळे ही उन्हाची पहिली सूचना. तिथेच थांबावे. माणूस बरळू लागला, अंग भट्टीसारखे तापले, शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात. हा जिवावरचा प्रसंग आहे. सावलीत आडवे करावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, मान, काख आणि जांघेत ओल्या कापडाच्या घड्या ठेवाव्यात आणि लगेच १०८ ला बोलवावे. गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये.

कुत्रा मागे लागला तर

वस्तीवरचे कुत्रे सायकल पाहून धावतात. वेग वाढवून पळू नये, त्यात पडण्याचीच भीती जास्त. शांतपणे उतरावे, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये ठेवावी, न पळता चालत पुढे जावे. चावा किंवा नुसते खरचटले तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लस सुरू करावी. चुना, हळद, मिरची यांपैकी काहीही लावू नये. पिसाळी एकदा झाली की तिच्यावर उपाय जवळजवळ नाही. लस वेळेवर घेतली तर ती टळते.

कोणी आधी विचारावे?

चालताना किंवा जिना चढताना छातीत दुखणारे वा धाप लागणारे, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, रक्तदाब आटोक्यात नसलेले, इन्सुलिन घेणारे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे, चक्कर येणारे, कमरेच्या मणक्यातील गादी सरकलेले आणि गरोदर स्त्रिया यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झाला असेल तर नेत्रतज्ज्ञांचा सल्ला आवश्यक. अशा डोळ्यांना मुरमावरचे हादरे घातक ठरू शकतात. दमा असणाऱ्यांनी धुळीच्या दिवसांत नाकातोंडावर रुमाल बांधावा आणि खडी फोडण्याच्या क्रशरजवळून जाणारी वाट टाळावी. सायकलवर असताना छातीत दाबल्यासारखे झाले तर ‘घरी जाऊन बघू’ असे म्हणू नये. तिथेच बसावे आणि मदत बोलवावी.

आणि भगिनींनो

हा लेख फक्त पुरुषांसाठी आहे असे समजू नका. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेच्या मोहिमेबरोबर खेड्यातल्या बायकांना सायकल शिकवली गेली. तिथल्या हजारो शेतमजूर स्त्रिया पाणी, बाजार आणि काम यांसाठी सायकलवर फिरू लागल्या. आपल्याकडे शाळेपर्यंत मुली सायकल चालवतात आणि लग्नानंतर ती कायमची सुटते. पस्तिशीनंतर वजन, साखर आणि गुडघे या तिन्ही तक्रारी घेऊन बायका दवाखान्यात येतात. मधली दांडी खाली असलेली लेडीज सायकल, सलवार-कमीज आणि दोन मैत्रिणींची सोबत एवढे जमले तरी सुरुवात होते. चार जणींनी मिळून निघाले की लोक पहिले चार दिवस बघतात, पाचव्या दिवशी बघणे सोडून देतात.

वाचकहो, औषधाच्या दुकानात न मिळणारे औषध गावाबाहेरच्या माळावर पडून आहे. भिंतीला टेकलेली सायकल उद्याच दुकानात न्या, सीट बरोबर करून घ्या, टायरमध्ये हवा भरा. खिशात साखरेची पुडी आणि कॅरिअरला पाण्याची बाटली ठेवा, घरात कुठे जातो ते सांगा आणि एखादा सोबती जोडा. पहिल्या दिवशी वीसच मिनिटे. महिन्याभराने एकरुखच्या पाण्याकाठी पोहोचाल तेव्हा व्यायाम करतो आहोत हे तुमच्या ध्यानातही राहणार नाही. आणि जो व्यायाम व्यायाम वाटत नाही, तोच वर्षानुवर्षे टिकतो.